बुधवार, शनिवार

म्हापशाचा शुक्रवारचा बाजार अर्धा सोडून
मी फार्मसीत शिरले, हातात हरमलच्या मिरच्यांची पिशवी,
आणि काउंटरवर म्हटलं, ते... रेटिनॉल.
असं, की जणू शेजारणीने मागवलंय.

एर्मेलिंडाने चष्मा वर सरकवला,
माझ्या कपाळाकडे पाहिलं, मग डोळ्यांच्या कोपऱ्यांकडे,
जिथे एकोणीस वर्षांच्या आठवी ब-ने
बारीक रेघा मारून ठेवल्यात.
"पहिल्यांदाच?"
त्रेचाळिसाव्या वर्षी कुणी हे विचारलं
की हसू येतं. आलं.

तिने दोन खोकी मांडली.
एक काळं, सोनेरी अक्षरांचं, आत पाच बाटल्या,
एक टक्का, वर कसलीशी आम्लं,
चौदा रात्रींत नवा चेहरा, असं झाकणावरच.
मला जुना चालेल, फक्त झोप झालेला हवा.
"ते नको बाय," तीच म्हणाली,
"नव्या माणसाला पाच बाटल्या म्हणजे एका घरात पाच जावा.
भांडण कुणी काढलं, कळायचं नाही."

दुसरं पांढरं, बिनवासाचं:
फेसवॉश, क्रीम, आणि करंगळीएवढी ट्यूब.
शून्य पूर्णांक एक.
दशांश चिन्हाला इतका मान मी कधी दिला नव्हता.

मग बिलाच्या पाठीवर, तिच्या तिरप्या अक्षरात:
बुधवार, शनिवार. फक्त रात्री.
चेहरा पूर्ण कोरडा. क्रीम. वाटाण्याएवढं हे. पुन्हा क्रीम.
पापण्या, ओठ, नाकाच्या कडा सोडून.
साल सुटेल थोडी. सुटू दे, ओढू नको.
महिन्याने एक वार वाढव, सोसलं तर.
सनस्क्रीन ह्यात नाही, वेगळी घे, रोज लाव, ढग असले तरी.
आणि पेन थांबवून, आवाज खाली आणून,
"दिवसबिवस नाहीत ना? असताना चालत नाही हे."
"नाही," मी म्हटलं, जरा मोठ्यानेच.
मागे कुणी खोकल्याचं औषध मागत होतं.
तिने त्यापुढे काही लिहिलं नाही.
कागदावर तेवढी जागा कोरी आहे.

घरी, आगरवाड्याला, आईने खोकं उलटंपालटं केलं.
"हें कितें गो हाडलां?"
किंमत मी अर्धी सांगितली.

तिचे सत्तावीस उन्हाळे मिठागरात गेले.
घोट्यापर्यंत पाणी, वरून ऊन, पाण्यातून पुन्हा तेच ऊन.
तिची साल बुधवार-शनिवार बघून सुटली नाही.
सनस्क्रीन म्हणजे पदर,
आणि तोही दुपारपर्यंत मिठाने ताठ.

मी कागद वाचून दाखवला.
ओढू नको, ह्यापाशी तिने मला थांबवलं,
पुन्हा वाचायला लावलं.
म्हणाली, मीठ ओढतानाही असंच. वरवर फिरवायचं फावडं.
घाईने खोल गेलं की चिखल येतो वर,
मग ते काळपट मीठ कोण घेणार.
आगरातलं इतकं तिने मला कधी सांगितलं नव्हतं.
मला शाळेत घातलं ते त्यासाठीच.

शनिवारी काही लावलं नाही.
सोमवारी शाळेत वर्गाचा फोटो होता, कारण म्हणून बरं पडलं.
मंगळवारी ट्यूब उघडून बंद केली.

आज बुधवार.
वाटाणा केवढा, हिरवा की सुका, मी विचारलं मोठ्याने, कुणालाच नाही.
आईने बरणीतून जाड मिठाचा एक खडा काढून
बशीत ठेवला. एवढा. पुरे.

लावलं. काही झालं नाही.
चुणचुण नाही, चमत्कार नाही, पंख्याचा आवाज.
आई दिव्याखाली सनस्क्रीनवरचा आकडा वाचतेय.
"पन्नास. पन्नास कितें?"
मी भूगोल शिकवते. कर्कवृत्त, तिरपे किरण, सगळं फळ्यावर काढते.
शब्द जुळवेपर्यंत तिने थोडी पिळून घेतलीसुद्धा,
रात्रीची, दिवा लागल्यावर,
आणि चेहऱ्याला नाही,
घोट्याला चोळतेय, जिथवर पाणी यायचं.