गुरुवारी परत आलेली बाई

बान्दोनेऑनचा भाता उसवला
की आधी वास बाहेर येतो:
तंबाखूचा, घामाचा, कुणाच्यातरी लग्नात सांडलेल्या दारूचा.
बाराकासच्या या गल्लीत चौतीस वर्षं मी हेच करतोय.
बटणं एकाहत्तर. दुखरं असतं एखादंच.

वाद्य न्यायला आलेला प्रत्येक जण
खात्री करायला तेच वाजवतो.
पहिल्या चार सुरांत
समोरचा भाजीवाला टोमॅटो मोजायचा थांबतो.

तेच हो. रिकामी खुर्ची, विझलेली शेगडी,
आणि रात्रभर कडी न लावलेलं दार.

लिहिलं फाउस्तीनो बाल्दोक्कीनं.
कातडी कमावायच्या कारखान्यात तो वजनं टिपायचा.
साल सव्वीस. सोमवारी एर्सिलिया भांडून गेली,
बटाट्यांवरून की सासूवरून
यावर गल्लीचं अजून एकमत नाही.
मंगळवारी रात्री त्यानं वजनाच्या पावत्यांवर
तीन कडवी लिहिली.
बुधवारी विकली: बारा पेसो आणि एक बुटांचा जोड.
गुरुवारी ती परत आली,
टोपलीत बहिणीच्या झाडाच्या नासपती.
"शेगडी का विझलीय?" म्हणाली.

तोवर गाण्याला पाय फुटले होते.

नदी ओलांडून ते मोन्तेविदेओला गेलं,
जहाजाच्या पोटातून मार्सेयला.
फिनलंडच्या कुठल्याशा लाकडी हॉलमध्ये
बर्फाचे बूट दाराशी काढून लोक त्यावर नाचले,
एकमेकांकडे न बघता.
ओसाकाच्या एका दंतवैद्याला
त्यातला एक शब्द कळत नाही,
पण दाढ काढताना तो हेच लावतो.

मधे एका सरकारनं
गल्लीतले शब्द रेडिओवरून हाकलले.
शेगडीची ज्योत झाली, कडीची झाली आशा.
सहा वर्षं लोकांनी ज्योत ऐकली
आणि मनातल्या मनात शेगडी म्हटली.

एर्सिलियाला मात्र ट्राममध्ये बायका अडवायच्या:
"टाकून कशी गेलीस गं त्याला?"
"बहिणीकडे गेले होते. लानूसला. चार दिवस."
कुणाला पटायचं नाही.
एकेचाळीस वर्षं ती त्याच्या शर्टांना बटणं लावत राहिली
आणि सगळ्या शहरात निघून गेलेलीच राहिली.

त्यानं म्हणे चौथं कडवंही लिहिलं होतं, ती परतल्याचं.
तिला म्हणून दाखवलं.
ती म्हणाली, "लोक रडायला आलेत,
तू त्यांना फळं काय वाटतोस?"

माझ्या दुकानाच्या पहिल्याच वर्षी ती आली.
वय शहाऐंशी, काखेत त्याचं वाद्य.
"त्याला कधी धड वाजवता आलं नाही," बसता बसता म्हणाली,
"पण हवा जातेय, ते मला ऐकू येतं."

भात्याच्या आत, घडीपाशी, एक ठिगळ सापडलं.
पावतीचा कागद, सरस पिऊन कडक झालेला.
वर आकडे: गाय, अकरा किलो. वासरू, चार.
मागच्या बाजूला शाई होती, उजेडाकडे धरलं तर दिसे,
अक्षरं उलटी, एकमेकांत शिरलेली.

"सोलून काढू का?" मी विचारलं.
"काढलं तर हवा जाईल?"
"जाईल."
"मग राहू दे की."

गळत होतं ते भलत्याच कोपऱ्यात. चिकटवलं, वाळू दिलं,
आणि हाताच्या सवयीनं तेच सुरू केलं.
"दुसरं काही येत नाही का रे तुला?" ती म्हणाली.

येत होतं. मी बोटं उचलली.
तोवर तिनंच, पुटपुटत, पुढची ओळ घेतली होती,
ज्योतीच्या जागी शेगडी म्हणत.