गाठीजवळ

माप आधी. पुठ्ठ्याच्या खोक्याला दोन भोकं,
एक ताटलीएवढं, एक वाटीएवढं.
फुगा त्यातून अंग चोरून जायला हवा.
अडला तर थोडी हवा सोडायची,
सैल गेला तर परत मशीनवर.
लोकेंद्रला हे शिकवण्यात माझी एक लगीनसराई गेली.
तो म्हणायचा, दीदी, फुगा तो फुगा.

नाही रे.
दोन फुगे मानेला मान बांधून,
मग असे दोन जोड एकमेकांत पिळले की चौकडी.
चौकडीवर चौकडी दोऱ्यावर रेटायची
आणि फटींमध्ये लहानगे बसवायचे,
पंगतीत पोरं दाटीवाटीनं बसवतात तसे.
माळ सरळ दिसली की मी उसवते.
जिन्याच्या कठड्यावरून तिनं असं उतरावं
की हिला कुठे जायची घाई नाही.

रंगाचं म्हणाल,
तर टोपी बाजारात मिळतो तो गुलाबी
बर्फाच्या गोळ्याचा.
म्हणून आत एक दुधी घालायचा, फुग्यात फुगा.
मग जो रंग येतो
तो सायीवर केशराची काडी टेकवल्यासारखा.
खर्च दुप्पट. गिऱ्हाईक विचारतं,
आतला दिसतो का कुणाला?
दिसत नाही. तेच तर.

मे महिन्यात ग्वाल्हेरच्या उन्हात
फुग्याची चकाकी तासाभरात जाते,
अंगावर पांढुरकी लव येते, मग कधीही फुटतो.
आम्ही पाचनंतर शिडी लावतो, लू पडल्यावर.

ललितपूर कॉलनी, इंगळ्यांचं घर.
दुसऱ्या दिवशी हळद.
चारशे बारा फुगे, फाटकापासून देवघराच्या दारापर्यंत.
साडेआठला शेवटचा अबोली टेकवला.
नऊला आत फोन वाजला.
साडेनऊला इंगळे काका पोर्चमध्ये आले, चष्मा हातात,
म्हणाले, काढून टाका.
पैशांचं काही बोलले. मग दारातून वळून,
आवाज नको.

टाचणी इथे कामाची नाही.
फुगा सगळीकडून ताणलेला असतो,
फक्त गाठीजवळ रबर जाड, सुरकुतलेलं, ढिलं.
तिथे कात्रीचं टोक.
मान पकडून थांबायचं. तो हातातल्या हातात
लहान लहान होत जातो. एवढंच.
फुग्यात फुगा असेल तर दोनदा कापावं लागतं.

मी आणि लोकेंद्र. पोर्चचा दिवा कुणीतरी आतून मालवला.
मोबाइलच्या उजेडात आम्ही जिना उतरवत आणला.

अकराच्या सुमाराला ऋजुता बाहेर आली.
कोपरापर्यंत मेंदी, वाळून खडखडीत, धुतलेली नाही.
पायरीवर बसली.
म्हणाली, मला एक कात्री द्या.
मी काय म्हणणार. दिली.
इथे नको, अलीकडे, गाठीजवळ,
एवढंच बोलले मी तिच्याशी.
प्रत्येक फुग्यागणिक मेंदीच्या खपल्या
तिच्या मांडीवर, रबराच्या ढिगावर पडत होत्या.
शंभरेक तरी तिने कापले.
माझ्यापेक्षा नीट.

शेवटचा एक राहिला, थोरला, दुधी पोटातला.
तिने कात्री खाली ठेवली.
केसातला आकडा काढला.
माझ्याकडे पाहिलं.
मी लोकेंद्रकडे पाहिलं, तो शिडीकडे बघत होता.

समोरच्या गल्लीतलं कुत्रं उठलं.
शेजारच्यांचा दिवा लागला.
आतून काकूंचा आवाज, काय झालं गं?
काही नाही, ती म्हणाली,
अख्ख्या कॉलनीला ऐकू जाईल असं.
फुगा होता.

सकाळी नई सडकेवर लोकेंद्रने गंमत म्हणून
ती पिशवी किराणावाल्याच्या काट्यावर ठेवली.
पाऊण किलोही भरली नाही.
चारशे बारा ना दीदी?
चारशे अकरा, मी म्हटलं.
एकाच्या चिंध्या तिने मुठीत आत नेल्या.