वर जायचे वीस तेत्री

तिबिलिसीतल्या आमच्या इमारतीची लिफ्ट
नाणं गिळल्याशिवाय हलत नसे.
उतरणं मात्र फुकट.

बाबा चिल्लर साठवत
जर्दाळूच्या मुरंब्याच्या बरणीत,
आणि चढत जिन्यानेच.
शेवटच्या हिवाळ्यात दम लागायचा, तेव्हा
तिसऱ्यावर थांबून पाटी वाचत,
जणू आजच लागलीय:
मेलाश्विली, दंतवैद्य. दोनदा बेल वाजवा.
मग मला म्हणत, वीस वाचले.

काल कुणीतरी येऊन
कार्डाचं यंत्र बसवून गेलं.
आठव्या मजल्यावरची त्सियाला
काखेत गरम पाव धरून
पुटपुटत राहिली: आता या खुर्द्याचं करायचं काय?

आमची बरणी अजून अर्धी आहे.
मी काही बोललो नाही.
जिन्याने निघालो.
मेलाश्विली केव्हाच जर्मनीला गेला.
तरी तिसऱ्यावर उभा राहिलो,
दोनदा बेल वाजवा
पर्यंत.