चणियाला खिसा

दांडिया बाजारातला शिंपी हसला.
सात मीटरचा घेर, साहेब, त्यात खिसा?
कुणाला दिसणारे?
दिसायला नकोच, मी म्हटलं. हात पोचला पाहिजे.
मग मीटर काढून दिला, ग्लुकोजची पुडी दिली.
त्यानं टेप लावून मापं घेतली,
काही विचारलं नाही.

मकरपुऱ्याच्या कारखान्यात वीस वर्षं
मी गेज बघतोय.
काटा लाल पट्टीत शिरला की झडप बंद करायची.
शाल्मलीला काटा नाही.

गेल्या मार्चमध्ये ती वाळत चालली होती.
परीक्षेचं टेन्शन, आम्ही म्हणालो.
रात्री तीनदा उठायची, तांब्याला तोंड लावून प्यायची.
न्हाणीघरात मुंग्या झाल्या.
मी उंबऱ्यावर खडू ओढला
आणि झोपलो.
मुंग्यांना आमच्या आधी कळलं होतं.

चार दिवस सलाईन. डॉक्टर पारघी
माझ्याकडे न बघता तिच्याशीच बोलल्या:
तू काही खाल्लंस म्हणून हे झालेलं नाही, बेटा.
तुझ्या शरीरानं चुकून स्वतःचाच कारखाना बंद पाडला.
आता माल बाहेरून आणायचा, रोज.
रावपुऱ्याची आत्या तरी म्हणालीच,
श्रीखंड फार आवडायचं ना तिला.
बायकोनं चहाचा कप जरा जोरात ठेवला.

आता फ्रीजच्या दारात, लिंबाच्या लोणच्याशेजारी, इन्सुलिन.
पेन फिरवलं की टिक टिक वाजतं,
ती डोळे मिटून मोजते.
आज पोट, उद्या मांडी.
पोळी किती, भात किती, हिशेब तिचा.
चुकला तर आमचा दोघांचा.

आठमीची रात्र.
पारघीबाईंनी नाचाच्या दिवसांपुरतं प्रमाण उतरवून दिलंय.
मी कठड्यापाशी पाण्याची बाटली घेऊन उभा.
मैदानभर अनवाणी पावलं, गोलात गोल,
दर फेरीला ती समोरून जाते
आणि मी तिचा चेहरा वाचतो:
घाम.
पण घाम तर सगळ्यांनाच आलाय.
छाती धडधडतेय, सगळ्यांची.
हात थरथरतायत? टाळी देताना कळत नाही.
गाल लाल, की पांढरे? वरचे दिवे पिवळे आहेत.

साखर घसरतानाची सगळी लक्षणं
आणि गरब्याची सगळी लक्षणं
एकच.

हाक मारू? मागच्या वर्षी नाही, या वर्षीच,
पहिल्या रात्री मारली होती. मैत्रिणींसमोर.
दोन दिवस बोलली नाही माझ्याशी.

पुढच्या फेरीत ती आली नाही.
त्यापुढच्याही नाही.
मी कठड्यावर चढलो, मुली चुकवत घुसलो,
ढोल डोक्यात.

आणि ती होती तिथे, खांबाला टेकून, मांडी घालून,
बोटावर लालबुंद थेंब, मीटर तोंडाजवळ धरून.
अठ्ठावन्न, बाबा.
एवढंच. जसं घड्याळ वाचावं.
पुडी तिनं आधीच दातांनी फाडली होती.
शेजारी ध्वनी पटेल पदरानं वारा घालत होती
आणि मला म्हणाली, काका, पंधरा मिनिटं, मी बघतेय.
साखरेनं जीव वाचतो हे तिला कुणी शिकवलं?
मला तरी शिकायला सहा महिने लागले.

पंधरा मिनिटं आम्ही तिघं
ढोल ऐकत बसलो.
एक्क्याण्णव.
डब्यातली अर्धी पोळी खाल्ली, तोंड पुसलं, उठली.
तू कठड्याकडे जा, म्हणाली.
मी गेलो.

पहाटे तीनला गजर. नाचाचं देणं
शरीर रात्री उशिरापर्यंत फेडतं.
झोपेतच तिनं करंगळी पुढे केली.
एकशे बारा. तळवे काळेकुट्ट, धूळ.
धुवून घे म्हणायचं राहून गेलं.

सकाळी दोरीवर चणिया,
आणि भिंतीवरून मुंग्यांची एक रांग,
नीट, न घाईची,
सात मीटर घेरातून शोधत शोधत
थेट खिशाकडे.
मी खडू आणला नाही.