सोळा नंबर

यादीत पहिलं नाव याचंच घालायचं ठरलेलं.
अक्कलकोट रोडला, रापोलूंच्या जुन्या शेडात,
पत्रे तेच, पिवळे दिवे नवे,
कडक भाकरीचे तुकडे काचेच्या बरणीत उभे,
शेंगाचटणी दगडी वाटीत, चमचाभर.
नाव ठेवलंय ‘धोटा’.

नानांना घेऊन गेले.
ते खांबापासून पावलं मोजत निघाले
आणि हात धुवायच्या बेसिनपाशी थांबून म्हणाले,
“हितं माझा माग. सोळा नंबर.”
म्हणाले म्हणजे ओरडलेच.
तीस वर्षांच्या खडखडाटात
हळू बोलणं राहूनच गेलं त्यांचं.
सगळी टेबलं वळली.

ऐकू येत नाही, पण ओठ वाचतात.
शेडात सगळे असेच बोलायचे,
चार माग ओलांडून:
चहा आला का, पोराचा ताप उतरला का.

मी वहीत लिहितेय: मसाला, मांडणी, दर.
नाना आमटीत भाकरी चुरत
पलीकडची टेबलं वाचून दाखवतात.
“ती म्हणती, फोटो परत काढ.
तो म्हणतो, घर विकून टाकू.
ते दोघं नुसतंच चावतायत.”
आणि जेवणाबद्दल?
“कुणी नाही अजून.”

मग गल्ल्याकडे बघत राहिले.
रापोलूंचा नातू फोनवर, पाठ भिंतीला.
नानांनी घास खाली ठेवला.
या वेळी मला वाकून ऐकावं लागलं:
“गड्ड्याची जत्रा झाली की बंद करणाराय.
ह्याचा आजोबा पण तिथंच उभा होता.
फोन तेवढा काळा होता.”

यादी उद्या छापायची आहे.
नाना म्हणाले, चटणी चांगलीय,
तेवढं लिही.