आवक क्रमांक

सहाला कार्यालयाला कुलूप लावते,
किल्ली लहानूकडे देते,
आणि गंगापूर रोडवर, त्या बंद पडलेल्या
आइस्क्रीमच्या दुकानासमोर स्कूटी थांबवून
प्रश्नावलीतला एक प्रश्न बदलते:
‘तुम्हाला किती वेळा परत यावे लागले?’
मग घर. मग कणीक.
सातपूरची सेकंड शिफ्ट सुटून
यांची मोटारसायकल फाटकात शिरेपर्यंत
प्रकरण तीन.

वय एकोणपन्नास. पद अधीक्षक, विद्यार्थी विभाग.
विषय: महाविद्यालयीन खिडकीवरील विलंब,
नाशिक जिल्ह्यातील निवडक संस्थांचा चिकित्सक अभ्यास.
मार्गदर्शक माझ्याहून अकरा वर्षांनी लहान.
ते मला मॅडम म्हणतात, मी त्यांना सर,
आणि दोघंही थोडे अवघडून बसतो.
धाकटी विचारते, रिटायर व्हायला नऊ वर्षं,
ह्या डॉक्टरकीचं करणार काय?
मी म्हणते, दारावरची पाटी बदलू.
खरं उत्तर मला प्रस्तावनेतही लिहिता आलेलं नाही.

वाङ्मयचौर्याचा अहवाल आला: एकतीस टक्के.
घाबरून पिवळ्या ओळी वाचत गेले.
उपरोक्त विषयास अनुसरून.
विहित मुदतीत सादर न केल्यास.
सर्वस्वी जबाबदारी विद्यार्थ्याची राहील.
मूळ स्रोत: आमच्याच कॉलेजचं परिपत्रक,
जुलै दोन हजार नऊ.
मसुदा माझा. सही प्राचार्यांची.
बावीस वर्षं जी भाषा दुसऱ्यांच्या नावावर लिहिली
ती माझ्या नावावर चोरी निघाली.
सर म्हणाले, वाक्यं फिरवून लिहा.
रात्री दीडपर्यंत फिरवत बसले:
जबाबदारी राहील सर्वस्वी विद्यार्थ्याची.
विद्यार्थ्याची सर्वस्वी राहील जबाबदारी.
कशीही फिरवा,
जाऊन त्याच्याच अंगावर पडायची.

प्रकरण चारसाठी आवक नोंदवह्या काढल्या.
अकरा वर्षं, धुळीनं नखं काळी.
सरासरी विलंब नऊ पूर्णांक चार दिवस.
आलेख देखणा आला, सर खूश.
पण वही कशी भरतात ते मला ठाऊक आहे.
त्रुटी असलेला अर्ज आम्ही आत घेतच नाही.
आत नाही, तर शिक्का नाही.
शिक्का नाही, तर तो आलाच नाही.

माझ्या टेबलाच्या काचेखाली
बँकेच्या सुट्ट्यांची यादी, शेगावचे गजानन महाराज
आणि एक पासपोर्ट फोटो आहे.
रोशनी गावित, एफवाय बीएस्सी, सुरगाणा.
उत्पन्नाचा दाखला मार्चअखेर संपलेला.
चौथ्या खेपेला अर्ज परत करताना
फोटो सुटून इथं पडला, डिंक ओलाच होता.
येईल तेव्हा देऊ, म्हणून सरकवला काचेखाली.
सीबीएसवरून सुरगाण्याची शेवटची गाडी
किती वाजता सुटते, तेव्हा माहीत नव्हतं.
आता तळटीप छप्पन्नमध्ये आहे.

सर म्हणतात, एका फोटोला डेटा म्हणत नाहीत.
बरोबर आहे सर.
‘मर्यादा’ ह्या शीर्षकाखाली दोन ओळी टाका
आणि पुढे चला.
दोन ओळी टाकल्या.
पुढे चालले नाही.

आज साडेदहाला खिडकी उघडली.
समोर पेठचा एक मुलगा,
चार घड्या घातलेला अर्ज,
जातीच्या दाखल्याची झेरॉक्स नाही.
माझ्या तोंडात ते वाक्य तयारच होतं.
गिळलं म्हणणार नाही, अर्धं बोलूनही झालं.
मग पिशवीतून दोनशे पानी वही काढली,
कॉलेज रोडवरून स्वतःच्या पैशानं आणलेली,
आणि वर लिहिलं: परत पाठवलेले.

क्रमांक एक. गावित रोशनी.
दिनांक: आठवत नाही.
क्रमांक दोन.
नाव सांग रे तुझं, सावकाश,
आडनावापासून.