पान एकतीस, ओळ नऊ

उदगीरच्या कोर्टामागं, झेरॉक्सच्या दुकानाला लागून
माझं टेबल.
मराठी जबाब इंग्रजीत करून देतो, पानाला साठ रुपये.
अपील वर खंडपीठात जातं.
तिथं 'टाळकं सटकलं' असं कुणी वाचत नाही.

आज नववी ओळ अडलीय.
'मला राग आला आणि मी घण मारला.'
आरोपी मन्मथ बिराजदार, मंडपवाला, वय एकेचाळीस.
मयत सोपान, त्याचा पार्टनर.
घण खुंट्या ठोकायचा.

वकील सकाळीच येऊन सांगून गेले,
देवणीकर, क्रियापद जरा बघून घाला.
अचानक झाल्यासारखं वाटलं पाहिजे.
जन्मठेप का दहा वर्षं, ते तेवढ्यावर अडकलंय.

डिक्शनरी उघडली.
रागावर साहेबलोकांनी बराच खर्च केलेला दिसतो.
स्नॅप, म्हणजे वाळली काडी मोडते तसं,
आणि कुत्रं हाताला तोंड घालतं तेही,
आणि माझी पोरगी म्हणते, बाबा, स्नॅप म्हणजे फोटो.
एक्स्प्लोड सिलेंडरसाठी राहू द्यावं.
इरप्ट बरं वाटलं थोडा वेळ.
आमच्या पायाखालचा हा सगळा काळा दगड
एकदा तसाच वर आला होता म्हणे.
आता त्याच्यावर तूर येते.
लॅश आउटमध्ये चाबूक आहे. मन्मथकडं चाबूक नव्हता.

आपल्याकडं तरी काय,
राग येतो. पाहुण्यासारखा, स्वतःच्या पायानं.
हात सुटतो, जसं दावणीचं जनावर.
तोल जातो. डोकं फिरतं.
एवढं सगळं होताना माणूस बाजूला उभा,
सतरंजी गुंडाळत.

जबाब झाला त्या दिवशी मी तिथंच होतो, दुसऱ्या कामाला.
म, म, मला, म्हणाला मन्मथ,
आणि रा वर येऊन थांबला.
रा.
रा.
मान ताणलेली, डोळे गच्च मिटलेले,
कठड्यावरची बोटं पांढरी.
जज फायलीत बघत राहिले.
दारातल्या शिपायानं हसू गिळलं, मला दिसलं.
वरचा पंखा तेवढा न अडखळता फिरत होता.
रा.
शेवटी राग आला.

स्टेनोनं लिहून घेतलं, मला राग आला.
तीन शब्द, सरळ, इस्त्री केल्यासारखे.

पान चौदावर चहावाली अन्साबाई आहे.
'सोपान त्येची नक्कल करायचा.
समद्या पोरांम्होरं. म म मन्मथ, च च चहा घे.
पोरं हासायची. मीबी हासले.'
त्या दिवशी अचानक काय झालं, बाई?
'अचानक कशाचं साहेब.
अकरा वर्सं झाली व्हती.'

वकील म्हणाले, हे गाळता येईल का?
येत नाही. पानाचे पैसे पानाला घेतो.
'मीबी हासले' तर लगेच झालं,
इंग्रजीत दोनच शब्द,
डिक्शनरी बघावी लागली नाही.

संध्याकाळी कोर्ट रिकामं झाल्यावर
मनगटावरचं घड्याळ काढून समोर ठेवलं,
आणि ओळ नऊ मोठ्यानं वाचली,
त्यानं म्हटली होती तशी.
किती वेळ लागतो ते बघावं म्हणून.
क्रियापदाच्या आधी किती जागा सोडायची ते कळेल म्हणून.
म, म, मला.
रा.
रा.
अकरा सेकंद. बारा.
शेजारून झेरॉक्सवाला इर्शाद डोकावला,
चांगलं पोरगं, मला रोज डबा गरम करून देतं,
म्हणाला, क क काय झालं, सर?
आणि हसला.

माझ्या हातात पेपरवेट होता.
तो कधी उचलला,
ते मला मराठीतही सांगता येणार नाही.